पोर्शन भाड्याने देण्यापूर्वी
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



काचीगुडा, बडी चावडी, सुलतान बाजार या भागांत आपली घरे तीन-चार पिढ्यांची. मुले पुण्याला किंवा परदेशी गेली, वरचा मजला रिकामा झाला, की दारावर टू-लेटची पाटी लागते. भाडेकरूंच्या तक्रारी आपण या सभेत पुष्कळ ऐकतो. आज थोडे आपल्याबद्दल बोलू.

सुरुवात आमच्याच घरापासून. २०२० च्या फेब्रुवारीत आम्ही वरचा पोर्शन एका कुटुंबाला दिला. मागच्या खोलीचे छत गळते हे आम्हाला ठाऊक होते. दुरुस्ती न करता आम्ही डागांवर चुना मारून घेतला. पावसाळाभर त्यांनी बादली लावली आणि आम्ही 'पुढच्या आठवड्यात गवंडी येईल' म्हणत राहिलो. १३ ऑक्टोबरच्या रात्री पावसाने शहर बुडवले, ते सर्वांना आठवत असेल. त्या रात्री त्यांच्या गाद्या, मुलीची शाळेची पुस्तके, सगळे भिजले. गृहस्थ भांडले नाहीत. महिनाअखेर घर सोडले आणि डिपॉझिट मागितले. आणि आम्ही त्यातून रंगाचे पैसे कापले! हे आज सांगतानाही संकोच वाटतो.

नंतर कायदा वाचला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते की, सहज न दिसणारा मोठा दोष मालकाला माहीत असेल तर त्याने तो भाडेकरूला सांगितलाच पाहिजे. करारात वेगळे ठरले नसेल आणि मालकाकडे असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. म्हणजे चूक सर्वस्वी आमची होती.

आपल्याकडचा भाडे नियंत्रण कायदा १९६० चा. २००५ च्या दुरुस्तीनंतर महानगरपालिकेच्या हद्दीत साडेतीन हजारांवर भाडे असलेली घरे त्यातून वगळली गेली, त्यामुळे आजचे बहुतेक पोर्शन त्याच्या बाहेर. पण जुने, कमी भाड्याचे भाडेकरू आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. त्यांना बाहेर काढण्यासाठी नळ किंवा वीज तोडणे हा कलम १४ चा भंग आहे. भाड्याची पावती देणे कलम ८ नुसार बंधनकारक आहे. मालक भाडे घ्यायला नकार देऊ लागला, तर भाडेकरू 'कोणत्या बँकेत भरू?' अशी लेखी नोटीस देऊ शकतो. मालकाने दहा दिवसांत बँक सांगायची असते. आम्ही बँकेत काम करतो म्हणून हे कलम जरा जास्त आवडले!

विजेचे मात्र नीट बघा. दोन बिऱ्हाडे एका मीटरवर असली की युनिट वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि दर महिन्याला वाद. मार्च २०२४ मध्ये गृहज्योती योजना सुरू झाली, त्यात रेशनकार्डधारक कुटुंबाला महिना २०० युनिटपर्यंत बिल शून्य, आणि भाडेकरूही त्यात आले. पण त्याच्या नावावर लावायला वेगळे कनेक्शन हवे. ते आपण घेऊन दिले नाही, तर गरीब कुटुंबाचा हक्क आपल्या आळसापायी जातो. संपही धुऊन घ्या. (हरताळाचा नव्हे, पाण्याचा!)

अकरा महिन्यांच्या कागदाचे अनेकांना फार अप्रूप. पण आपल्या राज्यात कोणत्याही मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, अकरा महिने लिहिल्याने ते टळत नाही. त्या कागदावर डिपॉझिट किती, कशासाठी कापणार, मीटरचे त्या दिवशीचे रीडिंग, पंखे-नळ किती, हे सारे लिहा. आमच्याकडे लिहिलेले असते तर रंगाचे पैसे कापायला जागाच उरली नसती.

'आपलाच माणूस हवा' हा आग्रहही जरा बाजूला ठेवावा. आपले पणजोबा या शहरात आले तेव्हा त्यांनाही कुणीतरी खोली दिलीच होती. भाडे वेळेवर देईल का, एवढे बघितले तरी पुरे.

आम्ही करारनाम्याचा मराठी नमुना तयार केला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्यावा. आणि हो, छत आता पक्के करून घेतले आहे.