फुटणे आणि जुळणे



क्रांतिकारक पक्ष तत्त्वावरून फुटतात, असे सांगण्याची रीत आहे. आम्हांला ते अर्धेच खरे वाटते. १९६४ साली कम्युनिस्ट पक्ष दुभंगला, तेव्हा काँग्रेसशी कसे वागावे हा वाद तरी मोठा होता. नक्षलबारीच्या उठावानंतर, १९६९ मध्ये, चारू मजुमदारांचा मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष निघाला. पण बंगालमधला ‘दक्षिण देश’ गट त्यात आलाच नाही. त्याचेच पुढे माओवादी कम्युनिस्ट केंद्र झाले. १९७२ मध्ये मजुमदार पोलिसांच्या ताब्यात असताना वारले आणि पक्षाची शकले झाली. १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्यांनी आंध्रात ‘पीपल्स वॉर’ उभारला. त्याची पथके आजच्या गडचिरोलीतही उतरली.

आता बिहारकडे पाहा. तिथे माओवादी केंद्र आणि ‘पार्टी युनिटी’ या दोघांचाही गुरू माओ, दोघांचाही शत्रू जमीनदार. तरी त्यांनी एकमेकांचे कार्यकर्ते मारले! आमच्या मते हे भांडण पोथीचे कमी, गावावर हुकमत कोणाची याचे अधिक. १९९८ मध्ये युनिटी पीपल्स वॉरमध्ये विलीन झाली आणि तिच्याबरोबर हे वैरही तिकडे गेले. अखेर २१ सप्टेंबर २००४ रोजी पीपल्स वॉर आणि माओवादी केंद्र एक झाले. तोवर ज्या भूमिहीनांची पोरे आपसांतच कामी आली, त्यांच्या दारी ही एकी कोणत्या तोंडाने सांगितली असेल?