‘माझी मैना’ पुरती म्हणा
(हिंदमाता, दादर येथील भाषण)



अण्णाभाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आता लोकगीतच झाली आहे. ‘गावावर’ की ‘गावाकडे’, हा शब्दभेद गायकागणिक आढळतो. त्याची तक्रार नाही. तोंडोतोंडी फिरणारे गाणे बदलायचेच.

आक्षेप आहे तो कात्रीला. चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात पुष्कळदा विरहाचे चरण तेवढे राहतात. बेकारांची मुंबई आणि बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव गमावलेला खंडित महाराष्ट्र गळतो.

हा विरह घडला कशाने? शेती पोट भरीना म्हणून पुरुष मुंबईस आला. मजुरीत बिऱ्हाड थाटवेना म्हणून बायको गावी राहिली. कुटुंब पोसण्याचा निम्मा भार गावाने वाहिला, म्हणूनच मालकाला मजूर स्वस्त पडला. हे अर्थशास्त्र वगळले की उरते ती केवळ शृंगारिक लावणी. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख व गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले, ते एवढ्यासाठी नव्हे.

१९८२ च्या संपानंतर परळच्या गिरण्या एकेक करून गेल्या. स्वस्त मजूर मात्र राहिला. आज तो बिहार-उत्तर प्रदेशातूनही येतो. त्याचीही मैना गावीच आहे. त्याला परका म्हणण्यापूर्वी हे गाणे आठवा. आणि आपल्या सभांत म्हणाल तेव्हा पुरते म्हणा.