गोल्फची जमीन, शेताची जमीन



अमेरिकेत लॉस एंजेलिसला, बेव्हर्ली हिल्सच्या लगत, श्रीमंतांचा एक कंट्री क्लब आहे. गोल्फची दोन मैदाने, ३०० एकरांवर जागा, भाव सोन्याचा. मग कर किती? १९६० साली कॅलिफोर्नियाने राज्यघटनाच बदलली. नफ्यासाठी न चालणाऱ्या गोल्फ मैदानाची आकारणी बाजारभावाने नको, खेळाच्या वापराप्रमाणे करा! शेतकऱ्याला तशी सवलत १९६५ च्या कायद्याने मिळाली. तीही निदान १० वर्षे जमीन शेतीतच ठेवण्याचा करार करून दिला तरच.

खेळावर आमचा राग नाही. जमीन कशी मोजायची हे सरकार ठरवते, एवढे ओळखू या. आपल्याकडे २०१८ पासून खर्चाच्या दीडपट हमीभाव सांगतात; त्या खर्चात आपल्या स्वतःच्या जमिनीचे भाडे धरतच नाहीत. ते धरा, ही आमची मागणी.