शेगडी तीच, जेट नवं



रियाधमध्ये, बत्हा भागात राहणारे आपले मराठी भाऊ
रात्री घरी फोन लावतात.
मुंबईहून कधी बातमी येते,
"अहो, आपल्याकडे पाइपचा गॅस येतोय!"

बत्हातल्या खोलीत मात्र सिलिंडरच.
तेही जगाला तेल विकणाऱ्या देशात! गंमतच आहे.

मुंबईत महानगर गॅस कंपनी 1995 साली स्थापन झाली.
तिच्या पाइपातून येतो नैसर्गिक वायू.
म्हणजे मुख्यतः मिथेन.
सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन.
दोन्हींना आपण गॅसच म्हणतो.
पण दोन्ही एक नव्हेत.

सिलिंडरच्या गॅसची आच तेज.
म्हणून शेगडीतल्या जेटचं, म्हणजे गॅस बाहेर येतो त्या तोटीचं, भोक बारीक असतं.
पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं.

जेट न बदलता पाइप जोडला,
तर ज्योत मिणमिणती.
भाकरी फुगायचीच नाही.

आणि उलट केलं तर?
जेट बदललेल्या शेगडीला पुन्हा सिलिंडर जोडला,
तर ज्योत भडकते.
ते फार धोक्याचं.

म्हणून सांगते.
जेट बदलायचंच.
आणि ते गॅस कंपनीच्या माणसानंच.
शेजारच्या हुशार भाच्यानं नव्हे.

आणखी एक.
सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड.
गळला, तर जमिनीलगत साचतो.
पाइपचा गॅस हलका.
तो वर चढतो.
म्हणून हवा जाण्यासाठीची वरची जाळी बुजवू नका.
वास आला, तर आधी व्हॉल्व्ह बंद करा.
खिडक्या उघडा.
दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

बत्हातल्या भावांनो,
आज फोनवर एवढं विचाराच,
"जेट बदललं का गं?"