डबा टिकटिक करू लागला तेव्हा

आमच्या बचत गटाचा तीन वर्षांचा हिशेब कॉम्प्युटरमध्ये आहे. कुणाची बचत किती, कुणाचं कर्ज फिटलं, सगळं. ऐन ऑडिटच्या आठवड्यात एकेक फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली आणि डब्यातून टिक... टिक... असा आवाज यायला लागला. आम्ही म्हटलं, व्हायरस शिरला.

व्हायरस कशाला टिकटिक करेल! हिशेब साठतो तो हार्ड डिस्कवर. तिच्या आत चकती मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते आणि वाचणारं टोक चकतीला न टेकता वर तरंगतं. त्याला जागा सापडेना की ते पुन्हा पुन्हा मागे फिरतं, तोच हा आवाज.

आधी केबल घट्ट बसवून पाहिली, कधीकधी दोष तेवढाच असतो. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकटचा प्रोग्राम लावला. त्यात निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध. आमचं पिवळं. बाद झालेल्या जागांचा आकडा सोमवारी 8, बुधवारी 40. आकडा एकाच जागी थांबला असता तर थोडा वेळ होता. हा तर वाढत चालला होता.

चुकलं आमचं इथंच. तपासत बसलो. टिकटिक ऐकताच आधी हिशेब पेन ड्राइव्हवर उतरवायचा होता, तपासणी नंतर. दुरुस्तीचा प्रोग्रामही तोवर लावायचा नाही, आजारी डिस्क त्यानं आणखी दमते. गुरुवारी घाईनं उतरवलं, पण सप्टेंबरची फाईल काही उघडली नाही. मग घरोघर जाऊन पासबुकं गोळा केली आणि कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली तो महिना पुन्हा लिहून काढला.