कुत्रे चावले तर

खेड्यापाड्यांत कुत्रे चावले तर पुष्कळदा मूल घरी सांगतच नाही. ‘कशाला खोडी काढलीस?’ म्हणून मार बसेल, ही धास्ती! पण अलर्क, म्हणजे रेबीज, हा रोग असा आहे की एकदा लक्षणे दिसली म्हणजे रोगी जवळजवळ हमखास दगावतोच. सुदैव एवढेच की, विषाणूला मेंदूपर्यंत पोचायला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्यात लस टोचली तर माणूस वाचतो. १८८५ च्या जुलैत लुई पाश्चरने ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली, आणि तो जगला.

तेव्हा जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट भरू नका. मंत्रतंत्रात वेळ दवडू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. नुसता ओरखडा असला तरी दाखवा. पोटातल्या १४ सुयांचे दिवस गेले. आता लस दंडात देतात. मात्र ठरलेल्या साऱ्या सुया घ्या, मध्येच सोडू नका.

गुरुजी, आपण वर्गात अधूनमधून एवढेच विचारा, ‘कुणाला कुत्रे चावले का रे?’ आणि जो सांगेल त्याच्यावर रागावू नका.