पहिल्या पंधरवड्यातले पैसे



घरातला कमावता माणूस गेला की त्याच दिवशी हात पसरावा लागतो. शववाहिनीचं भाडं, लाकडं, दहाव्याचा विधी, तेराव्याला येणारी माणसं. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे मजुरी थांबते त्याच आठवड्यात खर्च दुप्पट होतो. उधारी वाढते, सावकाराचं दार उघडतं. त्या पंधरवड्यात घेतलेलं कर्ज पुढे कित्येक वर्षं फिटत नाही.

अशा घरासाठी सरकारी मदत आहे. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना तिचं नाव. १५ ऑगस्ट १९९५ पासून ती देशभर सुरू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातली १८ ते ५९ वर्षं वयाची मुख्य कमावती व्यक्ती दगावली, मग मृत्यू नैसर्गिक असो वा अपघाती, तर वारसाला एकरकमी २० हजार रुपये मिळतात. पैसा केंद्राचा, अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजनेच्या शाखेत. ही रक्कम २०१२ मध्ये १० हजारांवरून २० हजार झाली, त्यानंतर तिथेच थांबली आहे. ती वाढायला हवी, यात मला शंका नाही. पण आज मला बोलायचं आहे ते रकमेपेक्षा तारखेबद्दल. हे पैसे घरात कधी पोचतात?

समजा, बीड जिल्ह्यातली एक कोयत्याची जोडी, म्हणजे नवरा-बायको, ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेली आहे. नवरा तिकडच्या दवाखान्यात वारला. कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते. म्हणजे दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही, तो तिकडच्या नगरपालिकेतून किंवा महापालिकेतून आणायचा. २१ दिवसांत नोंद झाली तर बरं, उशीर झाला तर विलंब शुल्क आणि वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. बाई मात्र मुलं आणि भांडीकुंडी घेऊन गावी परतलेली असते. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर तशीच असते. दाखल्यासाठी पुन्हा तीनेकशे किलोमीटर जायला एसटीचं भाडं कोण देणार?

दाखला आला तरी पुढे दारिद्र्यरेषेची यादी आहे. ग्रामीण भागातली ही यादी २००२ च्या सर्वेक्षणावर उभी आहे. तेव्हा दहा वर्षांचा असलेला मुलगा आज तिशी ओलांडून बसला. त्याचं लग्न झालं, भावाभावांत चूल वेगळी झाली, पण यादीत नाव वडिलांच्या कुटुंबाचं. ‘तुमचं कुटुंब यादीत दिसत नाही,’ असं खिडकीवर सांगितलं जातं आणि बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद पुन्हा घडी करून ठेवते. खिडकीपलीकडच्या कारकुनाला दोष देऊन भागत नाही. नसलेलं नाव त्याने लिहायचं कुठे?

तहसीलच्या याच शाखेत तिला संजय गांधी निराधार अनुदानाचाही अर्ज करता येतो. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर महिन्याला १,५०० रुपये. हा आधार मोठा आहे, कारण तो महिन्याच्या महिन्याला येतो. पण तिथेही उत्पन्नाचा दाखला आधी, मग समितीची बैठक, मग मंजुरी. संकट आज आलेलं असतं.

वेगळं करता येतं, हे आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. मोफत धान्याच्या आदेशात घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असण्याची अट होती. त्यावरून लोक खवळले, आणि ते योग्यच होतं. पण त्याच वेळी सरकारने पूरग्रस्त कुटुंबांना ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार जाहीर केले, आणि त्यातले ५ हजार रोख हातात द्यायचं, उरलेले खात्यावर जमा करायचं ठरवलं. ज्यांची पासबुकं चिखलात गेली, ज्यांच्या गावातली बँक बंद, त्यांना हातातल्या रोख पैशाची किंमत विचारा. त्या निर्णयामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो : आधी थोडं द्या, बाकीचा हिशेब मागून.

पूर सगळ्यांना दिसतो, म्हणून तिथे यंत्रणा धावते. एका घरावर कोसळलेलं संकट शेजारच्या चार घरांनाच दिसतं. पण गावाला ते दिसतं! अमक्याच्या घरात आज चूल पेटली नाही, हे सरपंचाला, आशाताईला, अंगणवाडीच्या ताईंना त्याच संध्याकाळी कळतं. कोण गरीब आहे, यासाठी त्यांना यादी लागत नाही. मग पहिली मदत तिथूनच का निघू नये? ग्रामपंचायतींना आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. काही जिल्हा परिषदा स्वतःच्या सेस फंडातून कर्करोग, हृदयविकार, किडनीच्या रुग्णांना १५ हजार रुपये देतात. मग तातडीच्या मदतीसाठी एक छोटा निधी गावपातळीवर का नसावा? चार-पाच हजार रुपये, आठवड्याच्या आत, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सहीने. पुढच्या ग्रामसभेत त्याचा उघड हिशेब. कुणी म्हणेल, यात वशिलेबाजी होईल. होऊ शकते. पण भर ग्रामसभेत नाव वाचून दाखवायचं असेल, तर खोटं नाव घालायला गावात फार थोडे धजावतील. आणि मृत्यूची नोंद ज्या दप्तरात होते, त्याच दप्तरातून कुटुंब लाभाचा अर्ज भरून तहसीलला जावा. बाईने खेटे घालायचे नाहीत, कागदाने प्रवास करायचा.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी आपल्याकडे ग्रामसभा भरते. येत्या ग्रामसभेत उठून एवढंच विचारा : गेल्या वर्षात आपल्या गावात किती घरांचा कमावता माणूस गेला, त्यातल्या किती घरांचा अर्ज तहसीलला पोचला, आणि पैसे किती महिन्यांनी आले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.